‘प्राँद्र’ची रूपं पाठ आहेत, तरी तोंडात ‘नू प्राँदों’च येतं: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रेंचच्या ए-टू (ए-वननंतरच्या दुसऱ्या) पातळीचा अभ्यास चालू आहे, ‘प्राँद्र’ म्हणजे ‘घेणे’ या क्रियापदाचा वर्तमानकाळाचा तक्ता तोंडपाठ आहे, पण लिहिताना-बोलताना ‘आम्ही घेतो’साठी ‘नू प्राँदों’ निघून जातं. ऐकताना ‘तो घेतो’ आणि ‘ते घेतात’ यांतला फरक कळत नाही. आणि ‘घेणे’ दिसलं की प्राँद्र वापरलं, तर वहीत लाल खूण पडते.

वरवर या तीन तक्रारी आहेत. पहिल्या दोन मात्र एकच आहेत: तक्ता तुम्ही डोळ्यांनी पाठ केलाय, कानांनी नाही. तिसरी वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी एक सांगून टाकते. किती खोलात जायचं ते तुम्हाला फ्रेंच कशासाठी हवं आहे यावर ठरेल. शाळा-कॉलेजच्या लेखी परीक्षेत प्रत्ययातला एस आणि टी मोजला जातो. डेल्फ किंवा कॅनडासाठीची टेफ या फ्रेंचच्या परीक्षांच्या श्रवणाच्या भागात तो एस ऐकूच येत नाही, तिथे कान हवा. फ्रान्समध्ये राहणार असाल की कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये, यानेही एखाद-दुसरा वापर बदलतो. रूपं मात्र सगळीकडे सारखीच, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उच्चार देवनागरीत देतेय, त्याची खूणगाठ बांधून घ्या. ‘प्राँ’ हा ‘काँग्रेस’मधल्या ‘काँ’सारखा, ‘त्रँ’ हा ‘बँक’मधल्या ‘बँ’सारखा, आणि ‘नों’मधला ओ नाकातून. तिन्हींत शेवटी न्, म् किंवा ङ् उच्चारायचा नाही, स्वर नाकात सोडून थांबायचं. ‘झ’ म्हणजे ‘श’ म्हणताना घशात आवाज आणायचा. ‘ज’ नेहमी ‘मजा’मधला. ‘त्यू’सारख्या ठिकाणी खरा ‘य’ नाही: तोंडात ‘ई’ आणि ओठ ‘ऊ’चे.

आता रूपं:

झ प्राँ (मी घेतो, घेते)
त्यू प्राँ (तू घेतोस, घेतेस)
इल प्राँ, एल प्राँ, ओं प्राँ (तो घेतो, ती घेते, आपण घेतो)
नू प्रनों (आम्ही घेतो)
वू प्रने (तुम्ही घेता)
इल प्रेन्, एल प्रेन् (ते घेतात, त्या घेतात)

कागदावर पाच वेगवेगळी स्पेलिंगं आहेत, कानाला मात्र चारच आवाज: प्राँ, प्रनों, प्रने, प्रेन्. आणि त्यातलं ‘प्राँ’ एकटंच झ, त्यू, इल, एल, ओं या पाच कर्त्यांना पुरतं. ‘ओं’ म्हणजे आपलं ‘आपण’. रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस ‘नू’च्या जागी बहुतेक वेळा ‘ओं’ वापरतो, त्यामुळे बोलण्यापुरता तुमचा अवघड ‘नू प्रनों’ टाळताही येतो. परीक्षेतल्या पत्रात मात्र तो लागतोच.

चूक कुठे होते ते नीट बघा. शेवटचे प्रत्यय तुम्ही चुकवत नाही. ‘नू’पुढे ‘ओं’ येणार हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण वर्तमानकाळात सगळ्या फ्रेंच भाषेत त्याला एकच अपवाद आहे: ‘नू सोम’, म्हणजे ‘आम्ही आहोत’. ‘वू’पुढे ‘ए’ येणार यालाही तीनच अपवाद, ‘वू-जेत’ (आहात), ‘वू फेत’ (करता) आणि ‘वू दीत’ (म्हणता). चुकतो तो प्रत्ययाच्या आधीचा भाग, ज्याला मराठी व्याकरणात आपण धातू म्हणतो. प्राँद्रला वर्तमानकाळात तीन धातू आहेत: एकवचनात डी असलेला ‘प्राँ(द)’, ‘नू-वू’साठी डी गेलेला आणि एकच एन असलेला ‘प्रन’, आणि ‘इल’च्या अनेकवचनासाठी दोन एन असलेला ‘प्रेन्’.

हे विचित्र वाटत असेल तर आपलंच ‘घेणे’ घ्या. ‘ने’चं ‘नेला’ होतं. त्याच चालीवर ‘घे’चं ‘घेला’ व्हायला हवं, पण आपण ‘घेतला’ म्हणतो. आज्ञार्थात ‘घ्या’, पुढे ‘घ्यायचं’, आणि ‘घेऊन’. एवढी रूपं आपण लहानपणी तक्ता न बघता शिकलो, कारण ती कानावर पडली होती. फ्रेंच मुलंही बोलायला शिकताना प्राँद्रची रूपं चुकीच्या चालीवर लावतात आणि ऐकून ऐकून सुधारतात. तुम्हीही नेमकी तीच चाल लावताय. चाल चुकीची नाही, ती चुकीच्या क्रियापदाला लागतेय.

ती येते कुठून? ‘वाँद्र’ (विकणे), ‘आताँद्र’ (वाट पाहणे), ‘राँद्र’ (परत करणे), ‘देसाँद्र’ (उतरणे), ‘रेपोंद्र’ (उत्तर देणे), ‘पेर्द्र’ (हरवणे, हरणे) या क्रियापदांकडून. यांचा ‘द’ शेवटपर्यंत टिकतो: नू वाँदों, वू वाँदे, इल वाँद्. ‘राँद्र’ आणि ‘प्राँद्र’ यांत तर फक्त एका प-चा फरक, म्हणून ‘नू राँदों’च्या पाठोपाठ ‘नू प्राँदों’ आपोआप येतं. वर्गात ही क्रियापदं आणि प्राँद्र एकाच आठवड्यात शिकवली की हा घोळ हमखास होतो. माझ्या मते मध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

लक्षात ठेवायला दोन शब्द देते, दोन्ही मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसतात. एक ‘आंत्रप्रन्योर’. तो ‘आँत्रप्राँद्र’ (हाती घेणे, उद्योग उभारणे) या क्रियापदावरून आला आहे, आणि त्यात ‘प्रन’ आहे, ‘द’ नाही. दुसरा कोर्टाबाहेर बसणारा स्टॅम्प ‘व्हेंडर’. तो ‘वाँद्र’च्या घराण्यातला, त्याच्यात ‘ड’ शाबूत आहे. व्हेंडरचा ड टिकतो, आंत्रप्रन्योरचा गळतो. ‘नू’ म्हटल्यावर क्षणभर अडलात तर हे दोन शब्द आठवा.

आता आवाज जवळून बघू, कारण मूळ अडचण इथेच आहे.

‘प्रनों’मधला ‘प्र’ हा ‘प्रवास’मधला साधा प्र आहे. विद्यार्थी सर्रास ‘प्रेनों’ म्हणतात, कारण स्पेलिंगमध्ये ‘ई’ (e) हे अक्षर दिसतं. फ्रेंचमध्ये मात्र ज्या ‘ई’वर चिन्ह नाही आणि ज्याच्यापुढे एकच व्यंजन आणि मग स्वर आहे, तो आपल्या ‘अ’सारखा होतो. आपल्याकडे हा ‘अ’ तयारच आहे, त्यासाठी काही नवीन शिकायचं नाही, फक्त ‘ए’ म्हणायचा मोह आवरायचा. हा ‘अ’ गिळूही नका. ‘ल पती’ (लहान) यासारख्या शब्दांत फ्रेंच माणूस भरभर बोलताना असा ‘अ’ खातो, पण इथे त्याच्याआधी प आणि र अशी दोन व्यंजनं आहेत आणि पुढे न, त्यामुळे तो टिकतो.

‘प्रेन्’मध्ये दोन एन का, याचं उत्तरही इथेच मिळतं. ‘ई’पुढे दुहेरी व्यंजन आलं की त्याचा उघडा ‘ए’ होतो, ‘पेन’मधल्यासारखा. एकच एन लिहिलात तर नियमाने ‘प्र’ वाचलं जाईल आणि शब्दाचा आवाजच बदलेल. म्हणजे तो दुसरा एन शोभेसाठी नाही, तो स्वर धरून ठेवतो. त्यापुढची ई-एन-टी ही तीन अक्षरं मूक आहेत. ‘प्रेनाँ’ वाचू नका. ही चूक ए-वनच्या वर्गात कान टवकारून बसलं की पाच मिनिटांत ऐकू येते.

एकवचनात शेवटचा डी आणि एस दोन्ही मूक. पण लिहिताना ‘झ’ आणि ‘त्यू’ला डी-एस, ‘इल’ला नुसता डी. इतर बऱ्याच क्रियापदांत ‘इल’ला टी लागतो, इथे डी असल्यामुळे टी लावत नाहीत. आणि तरी तो टी ऐकू येतो, कधी ते बघा: प्रश्न करताना कर्ता मागे नेला तर ‘प्राँ-तिल?’ होतं. लिहायचा डी, उच्चारायचा त. फ्रेंचमध्ये शब्द जोडताना डीचा नेहमी ‘त’ होतो, ‘द’ कधीच नाही. म्हणून ‘प्राँ-दिल’ चूक.

आता ‘तो घेतो’ आणि ‘ते घेतात’. कागदावर एकात नुसतं ‘इल’, दुसऱ्यात पुढे एस, पण व्यंजनापुढे दोन्ही ‘इल’च ऐकू येतात. तेव्हा ‘इल’कडे लक्ष देऊन काहीच हाती लागत नाही. कान क्रियापदाच्या शेवटी ठेवा. स्वर नाकात विरून गेला तर एक माणूस, जीभ दातांमागे टेकून ‘न्’ वाजला तर अनेक. ‘इल प्राँ ल ब्यूस’ (तो बस पकडतो), ‘इल प्रेन् ल ब्यूस’ (ते बस पकडतात). मोठ्याने म्हणा आणि जिभेचं टोक कुठे आहे ते बघा: ‘प्राँ’ म्हणताना ती कुठेच टेकता कामा नये. मराठी बोलणाऱ्यांची इथे एक ठरावीक चूक होते, ते ‘प्राँ’च्या शेवटी बारीकसा ‘न्’ लावतात. मग एकवचन ‘प्रान्’ होतं, अनेकवचन ‘प्रेन्’, आणि समोरच्याला संख्या कळत नाही. प्रमाण मराठीने नाकातले स्वर सोडून दिले. जुन्या छापील पुस्तकांतले ‘नांव’, ‘कोठें’ यांच्या डोक्यावरचे टिंब त्यांचीच आठवण आहे. घरात कोकणी असेल तर मात्र हे स्वर जिवंत आहेत. ‘हांव’ जसं म्हणता तसंच ‘प्राँ’ म्हणा, लगेच जमेल.

कर्ता का गाळता येत नाही, हेही यातूनच कळतं. मराठीत ‘घेतेस का चहा?’ म्हटलं की ‘तू’ सांगावं लागत नाही, क्रियापद सगळं सांगतं, समोर बाई आहे हेसुद्धा. फ्रेंचमध्ये ‘प्राँ’ पाच जणांचं, आणि स्त्री-पुरुष भेद वर्तमानकाळाच्या रूपात मुळीच नाही. म्हणून झ, त्यू, इल प्रत्येक वेळी म्हणावंच लागतं. मोरिशसमध्ये जी मराठी घरं आहेत, त्यांच्या कानावरची क्रेओल याच्या एक पाऊल पुढे गेली आहे: ‘मो प्रान, तो प्रान, ली प्रान, नू प्रान’, सगळ्यांना एकच रूप, सगळा भार सर्वनामावर.

हे तीन धातू एकदा बसले की पुढचं बरंच फुकट मिळतं. ‘कोंप्राँद्र’ (समजणे), ‘आप्राँद्र’ (शिकणे), ‘स्युर्प्राँद्र’ (चकित करणे), ‘रप्राँद्र’ (पुन्हा घेणे, पुन्हा सुरू करणे), ‘आँत्रप्राँद्र’ ही सगळी अक्षरशः अशीच चालतात, फक्त पुढे उपसर्ग लावायचा: नू कोंप्रनों, वू-जाप्रने, इल कोंप्रेन्. ‘आप्राँद्र’ स्वराने सुरू होतं म्हणून ऐकताना दुहेरी मदत होते. एकवचन ‘इलाप्राँ’, अनेकवचन ‘इल-जाप्रेन्’, म्हणजे मध्ये ‘ज’ही वाजतो. पुढे भूतकाळातला चालू काळ ‘प्रन’वरून होतो (झ प्रने), आणि विध्यर्थासारखं वापरलं जाणारं स्युब्झोंक्तिफ ‘प्रेन्’वरून (क झ प्रेन्). भविष्यकाळात मात्र डी परत येतो: झ प्राँद्रे. तिथे लावलीत तर तुमची चुकीची चाल बरोबर ठरेल.

आता ‘घेतो, घेतोय, घेणार’. इथे माझा ठाम सल्ला आहे: इंग्रजीवरून जाऊ नका, सरळ मराठीवरून या. फ्रेंचच्या साध्या वर्तमानकाळात ‘घेतो’ आणि ‘घेतोय’ दोन्ही मावतात. ‘झ प्राँ अँ काफे’ म्हणजे ‘मी कॉफी घेतो’ आणि ‘मी कॉफी घेतोय’ही. ‘आत्ता या क्षणी घेतोय, मध्ये बोलू नका’ असा जोर हवा असेल तरच ‘झ स्वी आँ त्रँ द प्राँद्र...’ वापरतात. प्रत्येक ‘-तोय’ला ते लावलं की वाक्य जड होतं.

नजीकचं भविष्यही याच रूपात बसतं, अगदी आपल्यासारखं. ‘उद्या गाडी पकडतो’ हे ‘झ प्राँ ल त्रँ दमँ’. ‘घेणार आहे’ असं ठरलेलं सांगायचं तर ‘झ वे प्राँद्र’. बेकरीत किंवा हॉटेलात मागताना ‘झ वे प्राँद्र...’ आणि ‘झ प्राँ...’ दोन्ही चालतात, पहिलं जरा मऊ लागतं. वेटर विचारतो, ‘केस्क वू प्रने?’ म्हणजे ‘काय घेणार?’. बघा, मराठीत भविष्य, फ्रेंचमध्ये वर्तमान.

सगळ्यात मोठा फायदा ‘पासून’च्या वाक्यांत आहे. ‘मी तीन वर्षांपासून फ्रेंच शिकतेय.’ मराठीत वर्तमानकाळ, फ्रेंचमध्येही वर्तमानकाळ: ‘झाप्राँ ल फ्राँसे दप्वी त्र्वा-जाँ.’ इंग्रजी माध्यमातली मुलं इथे आधी इंग्रजी वाक्य मनात तयार करतात, त्यातला पूर्ण-चालू काळ फ्रेंचमध्ये शोधतात आणि भूतकाळ लिहून बसतात. मराठीत विचार केला असता तर वाक्य आपोआप बरोबर आलं असतं.

उलट, मराठी दगा देते ती जागाही सांगते. आपण कित्येकदा भूतकाळाचं रूप वापरून आत्ताची गोष्ट सांगतो. ‘समजलं का?’ याला ‘वू कोंप्रने?’ असं वर्तमानात विचारतात. ‘आलो, आलो!’ म्हणजे ‘झारीव्!’, तेही वर्तमान. ‘भूक लागली’ म्हणजे ‘झे फँ’, शब्दशः ‘मला भूक आहे’. ‘समजलं’साठी फ्रेंच भूतकाळ चालतो, पण ‘आता डोक्यात उतरलं’ अशा अर्थाने. ‘आलो’साठी अजिबात नाही: भूतकाळ वापरलात तर ऐकणारा तुम्हाला दारात शोधेल.

आता लाल खुणांकडे. ‘घेणे’ आणि ‘प्राँद्र’ बऱ्याच ठिकाणी इतके जुळतात की आश्चर्य वाटतं. निर्णय घेणे, जबाबदारी घेणे, औषध घेणे, चहा घेणे, सुट्टी घेणे, मिठीत घेणे, या सगळ्यांना प्राँद्र चालतं. काळजी घेणे हे ‘प्राँद्र स्वँ द’, नोंद घेणे ‘प्राँद्र नोत’, भाग घेणे ‘प्राँद्र पार आ’, निरोप घेणे ‘प्राँद्र कोंझे’, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणे ‘प्राँद्र राँदेवू’. घराने पेट घेतला, तिथेसुद्धा ‘प्राँद्र फ्यो’, शब्दशः ‘आग घेणे’. हे जुळणं मोकळ्या मनाने वापरा.

मग काही ठिकाणी मराठीत ‘घेणे’ नसतं, पण फ्रेंचमध्ये प्राँद्र लागतं. बस पकडणे, फोटो काढणे, शॉवर किंवा टबात आंघोळ करणे, वजन वाढणे, सर्दी बाधणे (‘प्राँद्र फ्र्वा’, थंडी घेणे). आपण हवा खायला जातो, ते ‘प्राँद्र लेर’ म्हणतात. रस्ता सांगतानाही आपण ‘पहिल्या गल्लीत वळा’ म्हणतो, ते ‘पहिली गल्ली घ्या’ म्हणतात, ‘प्रने ला प्रम्येर र्यू’.

खरी खूण पडते ती उलट बाजूला. विकत घेणे हे ‘आश्ते’. दुकानदाराशी बोलताना ‘हे घेते’ म्हणून ‘झ ल प्राँ’ म्हणता येतं, पण ‘मी गेल्या वर्षी घर घेतलं’ इथे आश्तेच. कर्ज किंवा पुस्तक उसनं घेणे ‘आँप्रँते’. फायदा घेणे ‘प्रोफिते द’. शपथ घेणे ‘प्रेते सेर्माँ’, आणि गंमत म्हणजे ‘प्रेते’चा मूळ अर्थ उसनं देणे. मुलाला शाळेतून घेऊन येणे ‘आले शेर्शे’. वस्तू घेऊन येणे ‘आपोर्ते’, माणसाला घेऊन येणे ‘आम्ने’. हातात वस्तू देताना ‘हे घे’ म्हणतो, तिथे फ्रेंच माणूस ‘त्यँ’ म्हणतो, म्हणजे ‘धर’.

परीक्षेचा गोंधळ वेगळा सांगते. शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी देतात, हे मराठीत स्पष्ट आहे. फ्रेंचमध्ये विद्यार्थी परीक्षा ‘पास’ करतो, ‘एल पास अँ-नेग्जामँ’, आणि त्याचा अर्थ फक्त ‘ती परीक्षेला बसतेय’ एवढाच. उत्तीर्ण होणे हे ‘रेयुसीर’. इंग्रजीच्या सवयीने यात प्राँद्र घालू नका आणि ‘पास’ ऐकून पेढेही वाटू नका.

वेळेचंही तसंच. ‘मला ऑफिसला जायला वीस मिनिटं लागतात’ याला ‘झ प्राँ वँ मिन्यूत’ म्हणत नाहीत. माणूस कर्ता असेल तर ‘झ मे वँ मिन्यूत’, म्हणजे ‘मेत्र’ (ठेवणे, घालणे) हे क्रियापद. प्राँद्र हवंच असेल तर कर्ता ‘ते’: ‘सा प्राँ वँ मिन्यूत.’ क्वेबेकमध्ये याच ‘सा प्राँ’चा अर्थ ‘त्यासाठी अमुक लागतं, हवं’ असाही होतो. तिकडे जाणार असाल तर हे कानावर पडेल. फ्रान्समध्ये त्याच अर्थाने ‘इल फो’ म्हणतात.

एक बारीक गोष्ट अव्ययाची. ‘कुणाकडून घेणे’ हे फ्रेंचमध्ये ‘आ’ने दाखवतात, जो एरवी ‘ला’चा अर्थ देतो. ‘इल प्राँ ल स्तिलो आ मारी’ म्हणजे तो मारीकडून पेन घेतोय, तिला देत नाहीये. वाचनाच्या उताऱ्यात हे उलटं समजलं की पुढची सगळी उत्तरं उलटतात.

चहा-साखरेच्या वाक्यांत उपपद (आर्टिकल) विसरू नका. आपल्याकडे उपपदं नाहीत म्हणून ‘झ प्राँ ते’ म्हणावंसं वाटतं, पण थोडा चहा घेतो म्हणजे ‘झ प्राँ द्यू ते’, एक कप चहा म्हणजे ‘झ प्राँ अँ ते’. नकारात हे ‘द्यू’ बदलून ‘द’ होतं: ‘झ न प्राँ पा द स्युक्र’, मी साखर घेत नाही. बोलताना लोक ‘न’ गाळून ‘झ प्राँ पा’ म्हणतात. ऐकताना तयार राहा, लिहिताना ‘न’ ठेवा. आणि ‘त्यातले तीन घेतो’ म्हणताना मराठीतलं ‘त्यातले’ फ्रेंचमध्येही हवं: ‘झाँ प्राँ त्र्वा’. नुसतं ‘झ प्राँ त्र्वा’ अर्धवट राहतं.

आता सराव. तक्ता वरून खाली म्हणणं बंद करा. त्याने क्रम पाठ होतो, रूप नाही. मी वर्गात एकाच वाक्याची जोडी करून घेते: ‘इल प्राँ ल ब्यूस’ म्हटलं की लगेच ‘इल प्रेन् ल ब्यूस’, पुन्हा उलट. मग ‘नू’ आणि ‘वू’, तेही नेहमी एकत्र, कारण त्यांचा धातू एक आहे: ‘नू प्रनों, वू प्रने’. अशा दहा जोड्या, मोठ्याने, दिवसाला पाच-सात मिनिटं. चौथ्या दिवसापासून प्राँद्रच्या मधोमध मुद्दाम वाँद्र आणा: नू प्रनों, नू वाँदों, इल प्रेन्, इल वाँद्. घोळ घालणारे दोघे शेजारी ठेवले की कान त्यांना वेगळं करायला शिकतो, पण हे आधी केलं तर उलटा परिणाम होतो. लिखाण सगळ्यात शेवटी: आपलाच आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐकून लिहा. एसची, डीची आणि दुहेरी एनची चूक तिथे सापडेल.

सुरुवातीला ही वाक्यं करून बघा. खालची उत्तरं झाका.

ती रोज बस पकडते. मुलं फोटो काढतायत. आम्ही भाजी घेतो (बाजारातून). तुम्हाला समजतंय का? हे घे, किल्ल्या. त्या दोघी तीन वर्षं फ्रेंच शिकतायत.

एल प्राँ ल ब्यूस तू ले झूर. ले-जाँफाँ प्रेन् दे फोतो. नू-जाश्तों दे लेग्यूम (इथे प्राँद्र नाही). वू कोंप्रने? त्यँ, ले क्ले (इथेही नाही). एल-जाप्रेन् ल फ्राँसे दप्वी त्र्वा-जाँ. शेवटचं वाक्य तीनदा म्हणा: ‘एल’नंतरचा ज, ‘प्रेन्’चा न्, आणि ‘दप्वी’ असूनही वर्तमानकाळ, तिन्ही आले तर तुमच्या प्रश्नातल्या पहिल्या दोन अडचणी सुटल्या. न् राहिला तर पुन्हा जोड्यांकडे जा.